पाठराखीण कोण?

वडगावातल्या यल्लाप्पाच्या भावकीत पोरीचं लग्न ठरलं की सगळ्यात आधी बॅग भरायची ती बायाक्कानं. नवरी आपली बॅग सवडीनं भरायची. बायाक्का म्हणजे यल्लाप्पाची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती भावाच्याच घरी होती, आणि भावकीतली कुठलीही पोर सासरी निघाली की पाठराखीण म्हणून पहिले काही दिवस तिच्यासोबत बायाक्काच जायची. नवरीला भूक लागली, तर ती बिचारी तोंड उघडून सांगत नाही. ते पाठराखणीनं सांगायचं असतं. या कामात आपला हात धरणारं कुणी नाही, असं बायाक्काचं मत होतं आणि ते खोडून काढायची कुणाची छाती नव्हती.

घर विणकराचं. त्यामुळं घराची एक रीत होती. नवरीची साडी ज्या ताण्यावर, म्हणजे मागावर चढवलेल्या उभ्या धाग्यांवर विणायची, त्याच ताण्यावर तिच्यामागोमाग पाठराखणीची साडी विणायची. रंग तोच, पदर जरा साधा. बायाक्काच्या ट्रंकेत अशा साड्यांची चळत होती, आणि कुठली साडी कुठल्या पोरीच्या लग्नातली, हे ती नुसता हात फिरवून सांगायची.

यंदा तर लग्न यल्लाप्पाच्या स्वतःच्या लेकीचं, आरोहीचं. मुलगा निपाणीचा, नाव मंथन. बायाक्कानं हौसेनं स्वतः बसून आडव्या सुताच्या कांड्या भरून दिल्या. डाळिंबी रंगाची झकास साडी मागावर विणून झाली आणि आता आपली लागणार म्हणून बायाक्का पदर खोचून बघत उभी राहिली. यल्लाप्पानं पुढं हातभर कापड विणलं, माग बंद केला आणि कात्री घेऊन ताणा कापला.

"आरं, ताणा का कापलास?"

"बास झालं, आक्का," यल्लाप्पा मान वर न करता म्हणाला.

"आन् ह्यो हातभर तुकडा कुणाला?"

उत्तर आरोहीनं दिलं. "भिंगरीला झूल! आत्ती, ह्या बारीला माझी पाठराखीण भिंगरी. मंथनला बी चालतंय."

भिंगरी म्हणजे घरातली कुत्री. पिवळट रंगाची, एक कान कायमचा मुडपलेला. पिल्लू असताना आरोहीनं तिला गटारीतून उचलून आणलं होतं. माग चालू झाला की स्वतःच्या शेपटीमागं गरागरा फिरायची, म्हणून भिंगरी. आपलं नाव निघालेलं ऐकून ती तिथंच दोन फेऱ्या फिरली.

"कुत्री?" बायाक्का एवढंच म्हणाली. आरोही मग तिच्या गुडघ्यांचं, डॉक्टर काय म्हणाले त्याचं, निपाणीच्या त्या उभ्या जिन्याचं बरंच काही सांगत होती. बायाक्काच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही. तिला फक्त कापलेला ताणा दिसत होता.

तिला लई वाईट वाटलं. राग आला असता तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं, त्यात तिला सराव होता. पण हे रागापेक्षा वेगळं होतं. भावाच्या घरात आपण फुकट बसून खात नाही, आपल्यावाचून इथं एक काम अडतं, या एका गोष्टीवर ती आजवर ताठ मानेनं राहिली होती. आता ते काम कुत्रीला गेलं. बायाक्कानं भरलेली बॅग रिकामी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरली. मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा रिकामी केली.

भिंगरीशी तर तिचं पहिल्यापासून वैर होतं, म्हणजे तसं ती सगळ्यांना सांगायची. रोज सकाळी पहिली भाकरी तव्यावरून उतरली की अर्धी दुधात कुस्करून, "गिळ भवाने, माझ्याच उरावर बसलीस," असं म्हणत ती वाडगा पुढं सरकवायची. आरोही तेव्हा झोपलेली असायची. वैर असलं तरी भाकरी गरमच लागते, थंड भाकरीला भिंगरी तोंड लावत नाही, हे बायाक्काला पक्कं ठाऊक होतं. लग्नाच्या दिवशी पहाटेची एवढी धांदल, तरी वाडग्याची वेळ चुकली नाही.

कार्यालयात भिंगरीचा थाट बघण्यासारखा होता. अंगावर डाळिंबी झूल, गळ्यात शेवंतीची माळ. नवरीच्या पुढं चालत तिनं स्टेजवर जायचं, असं ठरलेलं होतं आणि फोटोवाला गुडघे टेकून तयारच होता. भिंगरी ऐटीत निघाली. अर्ध्या वाटेत तिनं नाक वर केलं, हवा हुंगली आणि झूल सावरायची पर्वा न करता खुर्च्यांच्या रांगांमधून जी पळाली, ती थेट मागच्या दाराशी. तिथं आचाऱ्यांच्या भांड्यांजवळ, कुणाच्या नजरेस पडू नये अशी बायाक्का बसली होती. भिंगरी तिच्या पावलावर बूड टेकून बसली.

"ऊठ, सटवे! तुझी जागा तिकडं हाय," बायाक्का दातओठ खात कुजबुजली.

यल्लाप्पा आला आणि कुत्रीला उचलून घेऊन गेला. अंतरपाट धरला, मंगलाष्टका सुरू झाल्या आणि भिंगरी पुन्हा हजर. पाहुणे आता अक्षता टाकायच्या सोडून माना वळवून मागं बघू लागले. आरोहीची आई मालुबाई स्वतः आली, तिनं पट्टा धरून ओढलं, पण भिंगरीनं चारी पाय फरशीला असे काही रोवले की मालुबाईच हरली. "वन्सं, असू द्या आता हितंच," ती म्हणाली. मग नवरीची पाठराखीण बायाक्काच्या पायावरच बसून राहिली. बायाक्कानं इकडंतिकडं बघितलं आणि गुपचूप तिची वाकडी झालेली झूल नीट केली.

खरी पंचाईत झाली निघायच्या वेळी. फुलांनी सजवलेली गाडी दारात उभी. लेकीबरोबर द्यायची पातळ, कुरकुरीत मांड्यांची बुट्टी मालुबाईनं मागच्या सीटवर ठेवली. आरोही रडून रडून बसली गाडीत. आणि भिंगरी काही केल्या चढेना. मंथननं पेढा दाखवला. तिनं पेढा खाल्ला, त्याचा हातही चाटला आणि परत येऊन बायाक्काच्या पावलावर बसली.

"भिंगरी, ये की गं," आरोहीनं खिडकीतून हात बाहेर काढला. "तू बी न्हाय आलीस तर मी एकटीच काय गं जायची?"

मान, अपमान, कापलेला ताणा, सगळं एका बाजूला राहिलं. पोरगी भ्यालेली होती. एवढी शिकलेली, बँकेत नोकरी करणारी, मोबाईलवर जगाशी बोलणारी, पण आत्ता या घटकेला ती भ्यालेली होती आणि ते एवढ्या गर्दीत फक्त बायाक्काला कळलं. तिच्यासोबत अशा बऱ्याच पोरी सासरी गेल्या होत्या.

"आन् ती मांड्यांची बुट्टी सीटवर कुणी ठेवली रं?" ती एकदम कडाडली. "निपाणीपातुर भुगा करणार काय त्याचा? ती मांडीवर धरायची असती! कुत्री धरणार हाय व्हय बुट्टी?"

"आत्ती," आरोही म्हणाली, "तू चल की."

"माझं गुडघं दुखत्यात न्हवं? तूच म्हणालीस."

"मी चेपते तुझं गुडघं. रोज चेपते. चल की गं."

बायाक्कानं पदर खोचला. मग म्हणाली, "थांबा, बॅग आणते."

"आता घरला जाऊन बॅग भरून कवा येणार, आक्का?" यल्लाप्पा काकुळतीला आला. तोवर बायाक्का आचाऱ्यांच्या भांड्यांकडं गेली होती. तांदळाच्या पोत्यामागं हात घालून तिनं बॅग ओढून काढली. गच्च भरलेली, चेन लावलेली. सगळं वऱ्हाड बघतच राहिलं. मालुबाईला आधी हसू फुटलं, मग यल्लाप्पाला आणि शेवटी बायाक्काही तोंडाला पदर लावून हसली. ती गाडीत बसायच्या आत भिंगरी गाडीत होती.

निपाणी येईपर्यंत बुट्टीतला एकही मांडा मोडला नाही. मंथनचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि जिना खरंच उभा. बायाक्का एका हातानं कठडा धरून निघाली, दुसऱ्या हातात भिंगरीचा पट्टा. भिंगरी एक पायरी चढायची आणि मागं वळून थांबायची. बायाक्का पोचली की पुढची. बुट्टी तेवढी मंथननं घेतली होती, तीही "आडवी करू नगा, जावईबापू," असं चारदा ऐकून.

दारात मंथनच्या आई शालूबाई उभ्या होत्या. त्यांनी नवरानवरीवरून भाकरतुकडा ओवाळला आणि बाजूला भिरकावला. तो खाली पडलाच नाही. भिंगरीनं उडी मारून वरच्या वर झेलला आणि गिळला.

"अगं बाई, कुत्र्यानं दिष्ट खाल्ली की!" आतून कुणीतरी म्हातारी किंचाळली. आरोहीची मान खाली गेली.

बायाक्काला धाप लागली होती, तरी ती पुढं झाली. "खाऊ दे की! दिष्ट उंबऱ्याच्या भाईरच संपवली. हाय का न्हाय हुशार?"

शालूबाईंनी आधी बायाक्काकडं बघितलं, मग जिभल्या चाटणाऱ्या भिंगरीकडं, आणि त्या खळखळून हसल्या. "हुशार हाय खरी! पण पाठराखीण कोण म्हणायची? तुमी, का ही?"

बायाक्कानं खाली बघितलं. डाळिंबी झूल घातलेली भिंगरी तिच्या पावलावर बूड टेकून बसली होती.

"नवरीची ही," बायाक्का ताठ मानेनं म्हणाली, "आन् हिची मी."