पाचपर्यंत उत्तर आलं नाही तर

वॉशिंग्टनमध्ये युद्ध सुरू करायचं तर आधी एक पत्र लिहावं लागतं. विमानं आणि बोटी नंतर निघतात. आधी राष्ट्राध्यक्षांच्या नावे दीड पानाचा मजकूर, आणि त्याखाली तीस-चाळीस वजनदार माणसांची नावं. अशी एकोणीस पत्रं माझ्या हातून गेली आहेत. लिहिलं मात्र मी एकही नाही. लिहिणाऱ्यांना आमच्या परराष्ट्र धोरणाच्या अभ्याससंस्थेत खिडकीची खोली मिळते. मी सह्या गोळा करणारी लोरेन, सभा संपल्यावर सतरंज्या उचलणाऱ्यांपैकी एक.

वर्तमानपत्रं आम्हाला ‘निओकॉन’, म्हणजे युद्धखोर नवपुराणमतवादी, म्हणतात, आणि हल्ली ते शिवीसारखंच म्हणतात. एक काळ असा होता की आमचा एक माणूस संरक्षण खात्यात, दुसरा परराष्ट्र खात्यात, तिसरा उपराष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत, आणि शुक्रवारी दुपारी सगळे आमच्या बैठकीच्या खोलीत टर्की सँडविच खात बसलेले. ज्या पक्षासाठी हे सगळं केलं, त्या पक्षात आता आम्हाला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. तिकडच्या नव्या मंडळींना आमचं नाव काढलं तरी मळमळतं. संस्था मात्र चालू आहे, भाडं भरलेलं आहे आणि पत्रंही निघतात.

सह्या गोळा करायची आमची एक रीत आहे. आमचे पहिले संचालक सिडनी यांनी ती पाडली. मोठी माणसं फोन उचलत नाहीत, उचलला तर शब्दाशब्दावर वाद घालतात, आणि तोवर बातमी शिळी होते. म्हणून पत्राचा मसुदा सकाळी पाठवायचा आणि खाली एक ओळ टाकायची: संध्याकाळी पाचपर्यंत आपलं उत्तर आलं नाही, तर आपलं नाव धरण्यात येईल. आधी फॅक्सने, मग ईमेलने. पाच वाजले की मी यादीवरून बोट फिरवायची आणि जे गप्प बसले त्यांची नावं इमानेइतबारे टाईप करायची. कुणाचीही तक्रार आली नाही. म्हणजे एक सोडून.

एप्रिलमधल्या त्या मंगळवारी आमचे आताचे संचालक ट्रेव्हर माझ्या टेबलाशी आले. वय अडतीस, केस नीट भांग पाडलेले, बोलणं गोड. विसावं पत्र तयार होतं. कुठल्या देशाविरुद्ध ते सांगत नाही. देशाचं नाव बदलायचं, बाकी मजकूर बराचसा तोच राहतो. दुसऱ्या परिच्छेदात हिटलरपुढे नमतं घेतलं ते म्युनिक येतं, चौथ्यात निर्धार, शेवटी इतिहास आपल्याला क्षमा करणार नाही वगैरे. ट्रेव्हर यांना जुन्या यादीतलं एक नाव हवंच होतं: प्रोफेसर वेंडेल हॉलिस.

“त्यांचा मुलगा इराकमध्ये, रमादीच्या लढाईत गेला ना?” ट्रेव्हर म्हणाले. “मग आपण दुसऱ्यांची पोरं मरायला पाठवतो, असं तोंड वर करून कुणी म्हणणार नाही.”

मी काही बोलले नाही. तीस वर्षं मी तिथे काही न बोलण्याचाच पगार घेते आहे. नेहमीचा ईमेल धाडून दे, म्हातारे उत्तर देणार नाहीत, म्हणजे काम झालं, असं ते म्हणाले आणि कॉफी घ्यायला गेले.

हॉलिस यांची हकीकत सांगायलाच हवी. इराकच्या आधीच्या शरद ऋतूत मी त्यांना असाच फॅक्स केला होता. ते रशियाचे अभ्यासक, विद्यापीठात मान, आमच्या शुक्रवारच्या बैठकांना येणारे. पण इराकबद्दल त्यांचं काय मत होतं ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. पाच वाजले, उत्तर नाही, मी नाव घातलं. दुसऱ्या दिवशी पत्र वर्तमानपत्रात छापून आलं. त्यांचा मुलगा कॉलिन वीस वर्षांचा होता, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला. त्याने ते नाव वाचलं, शिक्षण सोडलं आणि सैन्याच्या मरीन दलात भरती झाला. माझे वडील जा म्हणून सह्या करतात तर कुणीतरी जायला हवं, असं तो मित्रांना म्हणाला होता. दीड वर्षाने तो आर्लिंग्टनच्या दफनभूमीत परत आला.

त्या दफनाला मी गेले होते. हॉलिसबाई, नोरीन, माझ्यासमोर आल्या तेव्हा मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. “तुम्ही न विचारता त्यांचं नाव घातलंत,” एवढंच त्या म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. तेव्हापासून मी हे ओझं वागवत आले आहे. नवऱ्याला सांगितलं नाही, चर्चमध्ये सांगितलं नाही. नोकरी सोडावी असं शंभरदा मनात आलं, आणि शंभरदा मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले. नोरीन वारल्या तेव्हा मला जरा हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याची आजही लाज वाटते.

तर त्या मंगळवारी बाकी सगळ्यांना ईमेल गेले, पण हॉलिस यांना माझ्याच्याने पाठवेना. मी कोट चढवला, मेट्रो पकडली आणि त्यांच्या घरी गेले. दुपारचे बारा वाजले होते. त्या माणसाला आधी खरं सांगायचं, माफी मागायची, आणि मग तोंडावर विचारायचं, एवढं मी ठरवलं होतं. पुन्हा त्यांच्या नकळत त्यांचं नाव जाऊ द्यायचं नव्हतं.

दार त्यांनीच उघडलं. ब्याऐंशी वर्षं, स्वेटरचं वरचं बटण खालच्या काजात, कानात यंत्र. मला ओळखायला त्यांना क्षणभरही लागला नाही.

“लोरेन. म्हणजे परत कुठेतरी युद्ध आहे,” ते म्हणाले. “ये. ट्यूना सँडविच आहे, चांगलं नाही.”

खरंच चांगलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही ते खाल्लं. त्यांनी संस्थेतल्या एकेकाची चौकशी केली आणि मी कोण गेलं, कोण आजारी, कोण टीव्हीवर आपण कधी युद्धाच्या बाजूचे नव्हतोच असं सांगत फिरतो, ते सांगितलं. यावर ते बरंच हसले. मग मी पिशवीतून पत्र काढलं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं. आधी मला माझं सांगायचं होतं.

मी सांगितलं. फॅक्स, पाचची वेळ, त्यांचं न आलेलं उत्तर. मला फोन करता आला असता. त्यांचा नंबर मला पाठ होता. पण यादी एकतीस नावांवर अडली होती, सिडनींना बत्तीस हवी होती आणि मला घरी जायचं होतं. “मी तुम्हाला विचारलं नाही,” मी म्हणाले. “कॉलिन माझ्यामुळे गेला. मला माफ करा, असं म्हणायलाही तोंड नाही.” मी रडणार नाही असं ठरवलं होतं, पण रडले.

प्रोफेसर बराच वेळ ताटलीतले तुकडे बोटाने एका बाजूला करत राहिले. मग म्हणाले, “तो फॅक्स मी वाचला होता.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

“सकाळीच आला. तीनदा वाचला मी तो,” ते म्हणाले. “हो म्हटलं असतं तर विद्यापीठातल्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली असती. नाही म्हटलं असतं तर शुक्रवारची खुर्ची गेली असती, आणि ती खुर्ची मला फार आवडायची, लोरेन. म्हणून मी मागच्या अंगणात जाऊन पानं गोळा करत बसलो. दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होतो. पाच वाजल्यावर घरात आलो. म्हटलं, आता झालं ते आपण केलं नाही.”

“पण नोरीन...”

“नोरीनला मी सांगितलं, न विचारता नाव घातलं. कॉलिनने फोनवर विचारलं, बाबा, तुम्ही खरंच सही केलीत? त्याला म्हणालो, नाव आहे ना तिथे.” त्यांनी ताटली दूर सरकवली. “त्या पोराला मी एवढंच उत्तर दिलं.”

मला काय वाटलं ते सरळ सांगते. दया आली नाही. भयंकर राग आला. दोन दशकं मी एका माणसाचा भित्रेपणा माझं पाप म्हणून सांभाळला होता. दरवर्षी मे महिन्यात त्या पोराच्या थडग्यावर फुलं ठेवून आले होते, चोरासारखी, त्याच्या आईला दिसणार नाही अशा वेळी. आणि हा माणूस त्या बाईच्या शेजारी दफनभूमीत उभा राहून तिने माझा हात झिडकारलेला बघत होता.

“तुम्ही तिथेच उभे होतात,” मी म्हणाले.

“हो.”

त्यांनी समर्थन केलं नाही, माफीही मागितली नाही. त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही. उठून जावं असं वाटलं. पण पत्र टेबलावर होतं, आणि मी गेले असते तर ट्रेव्हर यांनी ते दुसऱ्या कुणाकडून पाठवलं असतं. मी ते सुलटं केलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. म्युनिकपाशी नाकातून हवा सोडली. त्यांना ते पटलं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

“यांना मी नको आहे, कॉलिन हवा आहे,” ते म्हणाले.

“हो. मग काय कळवू?”

त्यांनी पत्राची घडी केली, परत उलगडली. खिडकीतून अंगणाकडे पाहिलं. तिथे अझेलियाची झुडपं फुलली होती आणि बऱ्याच दिवसांत कुणी गवत कापलं नव्हतं. मग अगदी सवयीने, जणू वेळापत्रक विचारावं तसं, ते म्हणाले, “पाचपर्यंत वेळ आहे ना?”

“नाही,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “आता सांगायचं. तोंडाने. मी इथून हलणार नाही.”

तेही हलले नाहीत. फ्रीज गुरगुरत होता. मी समोर हाताची घडी घालून बसले. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला असं कोंडीत धरू नये हे मला कळत होतं, तरी मी धरलं. त्यांचे ओठ दोनदा हलले. इतकी पुस्तकं लिहिलेल्या, संसदेच्या समित्यांपुढे तासन्‌तास बोललेल्या माणसाला एक शब्द जुळत नव्हता.

“नाही,” ते शेवटी म्हणाले. मग थोडं मोठ्याने, “नाही. माझं नाव घालू नका.”

आणि त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. “एवढंच होतं,” ते हातांआडून म्हणाले. “लोरेन, तेव्हासुद्धा एवढंच होतं.”

मी उठले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माफ केलं होतं म्हणून नव्हे. त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. मग ओसरीवर येऊन ट्रेव्हर यांना फोन लावला. हॉलिस यांचं नाव गाळा, असं सांगितलं. पलीकडे कीबोर्ड वाजत होता.

“नाही म्हणाले,” त्यांनी विचारलं, “की नुसतं उत्तर दिलं नाही?”

“नाही म्हणाले,” मी सांगितलं. “माझ्यासमोर म्हणाले.”