टोपीची दोन भोकं

गॅसच्या मोठ्या सिलिंडरवर लोखंडी टोपी असते आणि टोपीला समोरासमोर दोन भोकं असतात. भंडाऱ्याबाहेरच्या, गॅस भरायच्या छोट्या कारखान्यात अकरा वर्षं झाडू मारताना शकुनबाईंनी ती भोकं रोज पाहिली होती. एके दिवशी त्यांनी तपासनीस श्यामरावांना विचारलं की टोपी व्हॉल्व्ह जपायला आहे, तर मग तिला भोकं कायले? श्यामरावांच्या अख्ख्या नोकरीत हे कुणी विचारलं नव्हतं. निवृत्त होण्याआधी त्यांनी शकुनबाईंना सगळं काम शिकवलं आणि मालक प्रफुल्लभाऊंना सांगितलं, "माझ्या जागी हिला बसवून पाहा."

प्रफुल्लभाऊंनी तीन महिन्यांची मुदत दिली. जमलं तर तपासनीस, नाही तर पुन्हा झाडू. चौथी शिकलेली बाई काय तपासणार, असं काहीजण आडून बोलत. पण शकुनबाई साबणाचा फेस लावून गळती बघत, सिलिंडरच्या मानेवर ठोकलेली चाचणीची तारीख वाचत, व्हॉल्व्हमधली तांब्याची पातळ चकती धड आहे ना ते बघत, टोपी आवळत आणि मगच खडूची खूण करत. तीन महिन्यांत त्यांच्या खुणेवर कुणाला बोट ठेवता आलं नव्हतं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी लाखांदूरला जायची गाडी भरून उभी होती. सोडावॉटरच्या कारखान्याचे चोवीस सिलिंडर, उभे, साखळीने बांधलेले. दुसऱ्या दिवशी तिकडे मंडईची जत्रा होती, सोडा खूप खपणार होता आणि सोड्याचे मालक भय्याजी सकाळपासून दोनदा फोन करून चुकले होते. शकुनबाई शेवटची नजर टाकायला गाडीवर चढल्या. सवयीने त्यांचं बोट टोपीच्या भोकावर गेलं. भोक लागलंच नाही. बोटाखाली गुळगुळीत, वाळलेलं काहीतरी होतं. दुसरी टोपी पाहिली, तीही तशीच. चोवीसच्या चोवीस टोप्यांची भोकं चिखलाने लिंपलेली होती. चिखलात तूस मळलेलं होतं. धान साठवायच्या ढोलीचं, म्हणजे कणगीचं, तोंड लिंपतात, तसं अगदी सफाईने.

चालक तुलाराम एकोडी गावचा. तो हसतच पुढे आला. सकाळी गाडी भरल्यावर त्यानेच हे काम केलं होतं आणि त्याला शाबासकी हवी होती. सध्या रस्त्याने जागोजागी धानाची मळणी चालू होती. मागच्या खेपेला टोप्यांमध्ये कोंडा निघाला म्हणून भय्याजींनी त्याला चांगलंच झापलं होतं.

"आन् तुमीच तं म्हनलं होतं, मावशी. टोपीत कोंडा जाता कामा नये म्हनून."

शकुनबाई तसं म्हणाल्या होत्या खऱ्या. गाडीवर ताडपत्री घाल, एवढंच त्यांच्या मनात होतं, पण ते सांगायचं राहून गेलं होतं. अर्धं शिकवलं की शिकणारा उरलेलं आपल्या अकलेने भरतो. तुलारामची अक्कल ढोलीची होती, त्यात त्याचा काय दोष?

हिशेबाच्या खोलीतली रूपा हळूच म्हणाली, की जाऊ द्या गाडी, कोणाला दिसणार आहे? टोप्या काढून, साफ करून, पुन्हा तपासायला दोन तास जातील. तेही आजच. आणि चूक तुमच्या बोलण्यातून झाली हे भाऊंना कळलं तर झाडू ठरलेलाच.

शकुनबाईंनी तिचं ऐकून घेतलं आणि सरळ प्रफुल्लभाऊंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. गाडी थांबवली, असं सांगितलं. तुलारामने भोकं लिंपली. पण त्याला अर्धवट मीच सांगितलं होतं, हेही सांगितलं.

"नाही काढला चिखल, तर काय होईल?" भाऊंनी विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांना ते शकुनबाईंच्या तोंडून ऐकायचं होतं.

शकुनबाई तुलारामकडे वळल्या. "तुमच्या गावच्या तलावाले सांडवा आहे ना?"

"आहे."

"तो बुजवला तं?"

"पार फुटन्."

"मंग? उन्हानं सिलिंडर तापला, आत जोर वाढला, तं ती तांब्याची चकती फाटते. फाटासाठीच ठेवली हाय ते. गॅस टोपीत येते, भोकातून निंगून जाते. तू तं सांडवाच बुजवला, बाबू. मंग टोपीच उडन् ना बंदुकीच्या गोळीवानी."

तुलारामचं हसू मावळलं. मग त्याने विचारलं, असं आहे तर एक भोक पुरे होतं, दोन काहून?

शकुनबाईंना हाच प्रश्न हवा होता. "दोघं जनं पाठीले पाठ लावून रेटून राहिले तं कोनीच हालत नाही. एक बाजूले झाला का दुसरा भुईवर. गॅस दोहीकडून सारखा निंगाला, तं सिलिंडर जाग्यावर राहते."

तेवढ्यात भय्याजींचा तिसरा फोन आला. भाऊंनी तो सगळ्यांसमोर घेतला.

"गाडीला उशीर होईल, भय्याजी. आमच्या तपासनीस बाईंनी थांबवली आहे. त्यांनी सोडल्याशिवाय ती निघत नाही."

शकुनबाईंनी पदर खोचला आणि त्या गाडीकडे वळल्या. डोळे भरले होते, पण काम समोर होतं. चोवीस टोप्या उतरल्या. रूपासुद्धा बाहेर येऊन काडीने चिखल कोरू लागली. प्रत्येक व्हॉल्व्ह ब्रशने साफ झाला, प्रत्येक चकती पुन्हा पाहिली गेली. टोप्या चढल्या, वर ताडपत्री आवळली गेली. रवानगीच्या कागदावर 'तपासणारे' या शब्दापुढे शकुनबाईंनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं आणि ठसठशीत.

गाडी सुरू करण्याआधी तुलाराम दुसऱ्या गाडीच्या चालकाला, डोमाला, आवारातल्या एका सिलिंडरच्या टोपीजवळ उभा करून समजावत होता. हात हलवत, मास्तरसारखा. तलाव सांगितला, सांडवा सांगितला, पाठीला पाठ लावणारे दोघंही सांगितले. तांब्याच्या चकतीचं मात्र विसरला.

शकुनबाई जवळच उभ्या होत्या. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. डोमा डोकं खाजवत म्हणाला, "पन गॅस टोपीत येते कुठून?"

तुलाराम अडखळला आणि मग स्वतःच म्हणाला, "थांब. चकती राह्यली सांगाची."

शकुनबाई ताठ मानेने पुढच्या सिलिंडरकडे गेल्या.