बाजारच्या दिवशी उशिरा उगवणारी दीर्घिका

मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. मित्रांनो, लग्नात गाणी केकाटतो तो कर्णा मी नव्हे. तो बोलतो, मी ऐकतो. आणि ऐकणाऱ्याला कुणी हार घालत नाही, हे अनुभवाने सांगतो.

माझा जन्म सत्याऐंशी साली सोनपेठला झाला. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या अनंतराव सरांनी तेलाचे रिकामे डबे जमवले आणि सूर्यभान पत्रेवाल्याने ते कापून, डाख देऊन मला घडवले. "एवढ्या मोठ्या चाड्यातून काय पेरायलाव, सर?" त्याने विचारले. पेरणीच्या तिफणीवरचे चाडे आणि मी! मला भारी राग आला.

सर अंधारी दीर्घिका शोधत होते. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची अफाट वस्ती. पण एखाद्या वस्तीत नुसता हायड्रोजन वायू असावा आणि दिवा एकही नसावा, असे सरांना वाटे. ती दिसणार नाही, पण तिच्या वायूची रेडिओ-कुजबुज ऐकू येईल. म्हणून आभाळाच्या रिकाम्या तुकड्याकडे तोंड करून मला घराच्या माळवदावर बसवले. माझी तार खालच्या खोलीत जाई. तिथे मोजयंत्राच्या काट्यावर डोळे लावून सर बसत.

उन्हाळ्यात सकाळची शाळा सुटली की सर काट्यासमोर हजर. एका दुपारी काटा चढला! मग रोजच चढू लागला. सर जेवण विसरले. त्यांनी परभणीहून प्राध्यापक व्यंकटरावांना बोलावले. त्यांना पटले तर रेडिओ-लहरी टिपणारा कॉलेजातला चांगला रिसिव्हर मिळणार होता. न पटले तर सरांच्या पत्नी लीलाबाई माझ्यात गहू भरणार होत्या. गहू!

सरांनी सगळी हकिकत सांगितली. व्यंकटरावांनी विचारले, "तारे रोज थोडे लवकर उगवतात, अनंतराव. तुमची दीर्घिका रोज एकाच वेळी उगवते आणि बाजारच्या दिवशी उशिरा. ती बाजाराला जाते की काय?"

सरांनी घड्याळाकडे पाहिले. तो दिवसही बाजाराचाच होता. तेवढ्यात काटा चढला. दोघे धावत माळवदावर आले. शेजारच्या माळवदावरून आलेल्या धुरपताबाई माझ्या तोंडावर ओले पोते पसरत होत्या.

"बाजारात लय येळ झाला, सर," त्या म्हणाल्या. "यंत्र तापलं की खरखर करतंय, असं तुमीच म्हणलात नव्हं? म्हणून मी रोज गार करायलेय."

रांजणाला गुंडाळतात तसे त्या मला गुंडाळत आणि ऊन उतरले की पोते घेऊन जात. आभाळ इतके थंड की त्याच्यापुढे ओले पोतेही ऊबदार, आणि ऊबदार वस्तूही रेडिओ-कुजबुज करते. ती ऊब मी इमानाने खाली कळवत होतो. मला सारे ठाऊक होते हो, पण मी बोलणारा कर्णा नाही!

सरांचा चेहरा उतरला. तरी त्यांनी धुरपताबाईंना हातच जोडले. व्यंकटराव मात्र पोट धरून हसत खाली बसले. "पोतं ऐकणारा कर्णा बहिरा नाही," असे म्हणून त्यांनी रिसिव्हर धाडून दिला.

पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी काटा पुन्हा चढला. सर आधी धावत वर आले. वर कुणीच नव्हते. फक्त आभाळ होते, आणि त्यात आपल्याच आकाशगंगेचा वायू. अंधारी दीर्घिका नव्हती ती. पण या वेळी खरेच आभाळ बोलले होते. सर माझ्या पत्र्यावर हात ठेवून रडले. मलाही रडू आले.

मित्रांनो, आता मी परसात गंजत पडलो आहे. माझ्यासारख्यांची काळजी जरूर घ्या. फक्त घेण्याआधी खाली एक हाक मारून विचारा.