वारा पडला की

"काका, काय करताय? फीडर चालू करा ना!" मुग्धा मॅडम ओरडल्या.

शिवप्पाचा हात ब्रेकरच्या मुठीवर होता, पण तो मूठ फिरवत नव्हता. "गावात इचारतो, मग सोडतो," तो म्हणाला.

"लाइनमननं क्लिअर दिलंय. आणखी कुणाला विचारायचं?"

मॅडमचं चुकत नव्हतं. लातूरच्या क्लासमध्ये दोन वर्षं घासून, नांदेडच्या विष्णुपुरी कॉलेजातून इंजिनिअर होऊन त्या या सबस्टेशनला आल्या होत्या. शिवप्पाच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते.

डोंगरावर पवनचक्क्या आल्यापासून विजेचा भरवसा वाऱ्यावर गेला होता. सकाळी चाळीस मेगावॅट, दुपारी वारा पडला की सहा. मग वरून फोन यायचा, 'लोड कमी करा', आणि शिवप्पा एखादा फीडर, म्हणजे एखाद्या भागाची लाइन, बंद करायचा. वारा उठला की पुन्हा चालू. पूर्वी महिन्यात एखाद्या वेळी फिरवायची मूठ आता दिवसातून तीनदा फिरवावी लागे, आणि दर वेळी त्याला त्र्याण्णवची पहाट दिसे.

भूकंप होऊन दीडेक तास झाला होता. फोन आला, "दवाखान्यात जखमी यायलेत, लाइन सोडा." त्यानं सोडली. कुणाला विचारलं नाही. दवाखान्यात दिवे लागले. त्याच फीडरवरच्या एका गावात, ढिगाऱ्यावर पडलेल्या तारेला दगडोबा नावाचा एक माणूस चिकटून गेला. भूकंपातून तो वाचला होता. त्याचं नाव भूकंपात गेलेल्यांच्या यादीत चढलं. आठ दिवसांनी लाइनमनकडून कळलं, तेव्हापासून एकवीस वर्षं शिवप्पानं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

मॅडम ओरडल्या त्या दुपारीही त्यानं आधी गावात तीन फोन लावले, मग मूठ फिरवली. वीस मिनिटं गेली. त्याच फीडरवर शहरात एका क्लासची कॉम्प्युटरवरची परीक्षा अर्ध्यात बंद पडली होती. तक्रार वरपर्यंत गेली. मॅडमनी कागद पुढं केला. "काका, उशिराचं कारण लिहून द्या."

कागद कोराच राहिला. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून शिवप्पा दगडोबाच्या गावी गेला.

पुनर्वसनातल्या एकसारख्या घरांच्या रांगेत दगडोबाची बायको चतुराबाई ओसरीवर तूर निवडत होती.

"मी लाइट हापिसातला, शिवप्पा."

"मीटर बघायचंय का?"

"न्हाई बाई. दगडोबाचं सांगायचं हाय."

त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. सुपातला तिचा हात थांबला.

"किती वाजता सोडली म्हनता?"

"साडेपाचला."

"त्याच्या आधी तारंत करंट नव्हता?"

"न्हाई. मी सोडला तवाच आला."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग खाली बघतच म्हणाली, "सासू आत अडकली होती. मीच म्हनलं, आधी ती तार बाजूला घ्या. दोनदा वढली त्येंनी, काय झालं न्हाई. दमून खाली बसले. मी वरडले, बसताव काय, म्हातारी मरंल. मग उठले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला वाटायचं, माझ्या वरडण्यानं गेले. पोरीलाबी कधी बोलले न्हाई."

"तुमचं काय चुकलं न्हाई. मी इचारायला पायजे होतं."

माफ करा म्हणावं, असं ठरवून तो आला होता. त्यानं नुसते हात जोडले.

"आता जावा तुमी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, माया नव्हती.

तो रस्त्यावर आला. थांबा तिच्या घरासमोरच होता. मागं तिनं नांदेडच्या लेकीला फोन लावलेला. फोनवर मोठ्यानं बोलायची तिची सवय असावी.

"तनुजा, ऐक. तुझा बाप माझ्यापायी न्हाई गं गेला…" पुढचे शब्द रडण्यात बुडाले.

शिवप्पा घराकडं पाठ करून उभा राहिला. एसटी आली. त्याला हात करायचं सुचलं नाही. ती तशीच पुढं निघून गेली.