एका ओळीत

"श्रीपादराव, हजीऱ्याची रक्तपेढी पडद्यावर खुलतच नाहीये! पेशंट टेबलवर आहे, डॉक्टर चिल्लावतायत." ऑपरेशन थिएटरमधून नर्स सुलोचनाबाईंचा फोन. फोनवरच्या ऐकीव रिपोर्टवर रक्त चढवायचं नाही, हा दवाखान्याचा नियम. रिपोर्ट पडद्यावरच दिसायला हवा.

"पाच मिनिटं द्या," श्रीपाद म्हणाला. दवाखान्याचं नेटवर्क तोच सांभाळायचा.

ग्वाल्हेरच्या फूलबागेजवळचा हा जुना दवाखाना त्याच सकाळी इंदूरच्या दवाखान्यांच्या मोठ्या समूहात सामील झाला होता. समूहाच्या साडेतीनशे वाटा, म्हणजे कुठला पत्ता नेटवर्कवर कुठे सापडेल हे सांगणाऱ्या ओळी, श्रीपादच्या म्हाताऱ्या स्विचमध्ये शिरल्या. त्याच्या मेमरीत मावायच्या पाचशे, आणि दवाखान्याच्याच एकशे ऐंशी होत्या. प्रत्येक वॉर्डाची, प्रत्येक प्रयोगशाळेची वेगळी ओळ. हजीरा भागातल्या रक्तपेढीला समूहाकडून आजच नवा पत्ता मिळाला होता. तिची वाट शेवटी आली आणि बाहेरच राहिली.

पंधरा दिवसांपूर्वी समूहाचं नेटवर्क बघणाऱ्या इंदूरच्या भालचंद्रने विचारलं होतं, "तुमच्या सगळ्या वाटा एका ओळीत येतील का? मग ग्वाल्हेरचं काम इथूनच बघू."

"नाही जमायचं," श्रीपादने ठोकून दिलं होतं. साफ खोटं! एकोणीस वर्षांपूर्वी ते पत्ते त्यानेच ओळीने दिले होते, म्हणून ते सगळे एका ओळीत सहज मावले असते. पण काम इंदूरला गेलं की त्याची गरजच संपली; आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा कोण पाडून घेईल?

पुन्हा फोन. "अहो, बीपी गिरतंय हो!"

श्रीपादला स्वतःची शरम वाटली. नवी ओळ चढवायलाही जागा नव्हती, म्हणून पहिली त्याने स्वतःच्या खोलीची पुसली. मग सगळ्या दवाखान्याची मिळून एक ओळ लिहिली, आणि बाकीच्या भराभर पुसत गेला. जागा झाली तशी रक्तपेढीची वाट आत शिरली.

"आला! रिपोर्ट आला!" सुलोचनाबाईंनी फोन आपटला. आभार मानायला त्यांना वेळ कुठला?

तासाभराने भालचंद्रचा फोन आला. "श्रीपादजी, इथे तुमची एकच ओळ दिसतेय. होत नाही म्हणाला होतात ना?"

"होत होतं. मी खोटं बोललो."

भालचंद्रने विचारलं, "पेशंट?"

"ठीक आहे."

"मग... महिन्याअखेर चार्ज द्याल?"

"देईन."

सुलोचनाबाईंच्या टेबलाच्या काचेखाली 'नेटवर्क बंद पडल्यास' असा कागद होता. महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी श्रीपादने तो बाहेर काढला, स्वतःचा नंबर खोडून इंदूरचा लिहिला, आणि घाईतही वाचता यावा म्हणून प्रत्येक आकडा पुन्हा गिरवला.