कमलम्माची मुकी गाडी

औसा डेपोचे साहेब, आमच्या गावची सकाळची बस तुम्ही बंद केली. चोरासारखी बंद केली. एक दिवस आली नाही, दुसऱ्या दिवशी आली नाही, आणि मग फाट्यावरच्या पानवाल्याकडून कळलं की आता येणारच नाही. थांब्यावर पाटी नाही, ग्रामपंचायतीत निरोप नाही. माणूस मेलं तरी सांगावा येतो हो. तुम्ही तेवढंही केलं नाही.

मी कमलम्मा. औशात एका बाईडॉक्टरच्या दवाखान्यात आया आहे. बाळंतिणीला उठवणं-बसवणं, लेकरू पुसून तिच्या कुशीत देणं, चादरी धुणं, फरशी पुसणं. काम काही मोठं नाही. पण मी पोचल्याशिवाय रात्रपाळीच्या सिंधुला घरी जाता येत नाही. तिचं लेकरू अंगावरचं आहे. बस बंद झाल्यापासून मी फाट्यापर्यंत चालत जायची आणि मग काळीपिवळीत बसायची. ती भरल्याशिवाय हलत नाही. मी पोचेपर्यंत सिंधु दारात उभी. पदर ओला झालेला.

"मावशे, मी तुला काय बोलंना," ती म्हणायची, "पण लेकरू तिकडं वरडायलंय गं."

ती बोलत नव्हती तेच मला लागायचं.

शेवटी डॉक्टरबाईंनी बोलावलं. "कमलम्मा, तुझी अडचण मला दिसते. पण बाळ काय बस बघून जन्माला येतं का? जमत नसेल तर सांग, मी दुसरी बाई बघते."

घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं, मी गाडी घेणार. आमच्या मालकांची, शरणप्पांची, मोटारसायकल आहे, पण ती दुधाच्या कॅनांची. भल्या पहाटे ते उलट्या दिशेला जातात. ते हसले. "तू? सायकल तरी चालवलीस का कधी?"

"न्हाई चालवली. पाळणा हलवला, बैलं हाकली, तुमचा संसार हाकला. ही बी हाकते."

भिशी उचलली आणि लातूरहून बॅटरीची गाडी आणली. हळू पळणारी, लायसन न लागणारी. रंग पिस्ता. सासूबाईंनी, नागुबाईंनी, नारळ फोडला, दिव्याच्या काचेवर विभूतीच्या तीन रेघा ओढल्या आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. सगळी गल्ली जमा झाली.

"पैलं मी बगतो," मालक म्हणाले. "गाडीचं बायामाणसाला काय कळतंय."

बसले. मूठ पिळली. गाडी आवाज न करता निघाली. थोडं पुढं गेल्यावर त्यांना गियर बदलायची सवय आठवली. डाव्या हातानं क्लच समजून करकचून दाबलं, डाव्या पायानं हवेत लाथ मारली. क्लच कुठला, तो ब्रेक! गाडी जागेवर उभी आणि शरणप्पा पुढं, तुराट्यांच्या ढिगात.

"आगागा! मालकाला गाडीनं उतरवलं की वो!" गुंडप्पाआजा काठी आपटत हसला.

"गाडी वळखती," शेजारची वर्षाराणी म्हणाली, "मालकीण कोन हाय ते."

मला क्लच माहीत नव्हता, म्हणून मला अडचण नव्हती. शाळेच्या मैदानात मी दोनदा पडले, कोपर सोललं, तिसऱ्या दिवशी रस्त्याला लागले. मालक मागं पळत होते, दम लागला तेव्हा थांबले. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पुन्हा पडले असते.

बॅटरी काढून घरात आणायची आणि प्लगला लावायची. चांगला प्लग एकच, देवघराशेजारचा. सासूबाई बराच वेळ चार्जरच्या लाल दिव्याकडं बघत बसल्या.

"कमळे, हिच्या पोटात काय जायलंय?"

"करंट, आत्या."

"अन् सकाळपत्तर पोट भरतंय?"

"भरतंय."

तेव्हापासून त्या प्लगला कुणी हात लावला की ओरडतात. मोबाईल लावायला गेलेल्या सख्ख्या लेकाला म्हणाल्या, "सर बाजूला. तिचं जेवण हुंदी. ती कमवायला जाती."

सव्वीस वर्षांत मला असं म्हणाल्या नव्हत्या. गाडीला म्हणाल्या, मी ऐकून घेतलं.

गाडी मुकी आहे. म्हशी बाजूला होत नाहीत, त्यांना कळतच नाही मी आले ते. हॉर्न चिमणीएवढा, मग मीच तोंडानं ओरडते. पण तिच्या मुकेपणानं मला रस्ता ऐकू यायला लागला. इतकी वर्षं खिडक्यांच्या खडखडाटात गेले, या रस्त्याला झाडाझाडावर इतके होले घुमतात हे माहीतच नव्हतं. एक दिवस वाटेत बोरीखाली थांबले. कशाला? काही नाही, बोरं खायला. घरी कुणाला माहीत नाही मी कुठं आहे, दवाखान्यात माहीत नाही. ओटीत बोरं घेऊन उभी राहिले आणि एकटीच हसले. मग सिंधु आठवली, निघाले.

तरी वेळेआधी पोचले. सिंधु म्हणाली, "मावशे, आज लेकरू उठायच्या आत मी घरी!" आणि चप्पल घालायचीसुद्धा विसरून पायरी उतरली. पुन्हा आली, चप्पल घातली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि गेली. डॉक्टरबाईंनी घड्याळ बघितलं. दुसरी बाई बघायचं काही बोलल्या नाहीत. मला तेवढं पुरे.

मी सुखात आहे. हे लिहायला मला लाज नाही.

मग गावानं ठरवलं, बस परत मागायची. टेम्पो करून माणसं तुमच्या ऑफिसात आली. मी दवाखान्यातून परस्पर आले, माझ्या गाडीवर. तुमच्या खिडकीसमोर सावली होती, तिथं लावली. तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि खिडकीबाहेर बोट केलं.

"ती पिस्ता गाडी कुणाची?"

"माझी," मी म्हणाले. अभिमानानं म्हणाले.

"बघा! आता तुमच्या गावात आयाबायांकडंसुद्धा गाड्या आहेत. बसला प्रवासी कुठून मिळणार? कशाला पाहिजे बस?"

तुम्ही हसलात. सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं.

आम्ही बाहेर आलो. वर्षाराणी माझ्याकडं न बघता म्हणाली, "गाडी जरा लांब लावायची व्हतीस, अक्का."

"कामून? चोरून आणली का मी?"

"तसं न्हाई गं. पर तुझं भागलं की आता."

गुंडप्पाआजानं तिला काठी दाखवली, पण मग तोही माझ्या गाडीकडंच बघत राहिला. त्याला दर आठवड्याला डोळे दाखवायला औशाला यावं लागतं. मी म्हणाले, "आजा, बसा माझ्या मागं." तो बसला, माझा खांदा धरला. बाकीची माणसं टेम्पोकडं निघाली, आज वर्गणी काढली म्हणून तरी टेम्पो होता. मी आजाला घेऊन सावकाश घरी आले. होले घुमत होते. मला ऐकू आले नाहीत.

साहेब, मी गाडी घेतली म्हणून तुम्ही बस बंद केली नाही. तुम्ही बस बंद केली म्हणून मी गाडी घेतली. पडले, कोपर सोललं, शिकले. ही माझी कमाई आहे, तुमचा पुरावा नाही. आणि मी ती कुठंही लपवून लावणार नाही. उद्या पुन्हा तुमच्या खिडकीसमोरच लावीन.

माझ्या मागं एक माणूस बसतं. बाकीच्या गावानं कशात बसायचं? बोट दाखवू नका. तोंडानं सांगा.