उडतं पापलेट, वेग एक्याऐंशी

वर्सोव्याच्या बंदरावर काशीराम मोबाइल असा फिरवत होता, जसा पूजेचा प्रसाद. लिंक रोडच्या कॅमेऱ्याने काढलेला त्याच्या टेम्पोचा फोटो, खाली वेग अठ्ठ्याहत्तर. होतं ते चलान, पण बंदरावरच्या टेम्पोवाल्यांनी प्रमाणपत्रच मानलं.

महादूच्या पोटात निखारा पडला. त्याची बायको जया मालाडच्या बाजारात मासळी विकायची आणि टोपल्या चढवायची काशीरामच्या टेम्पोत. घरचा टेम्पो दारात उभा! अख्खा कोळीवाडा हसत होता. आता त्याला कारण कळलं. बाईला वेग हवा.

मग तो रोज कॅमेऱ्याखालून टेम्पो पिटाळू लागला. छप्पन्न, अठ्ठावन्न. कॅमेरा ढुंकून बघेना. एकदा तर पाववाल्याची सायकल त्याला मागे टाकून गेली, असं लोक शपथेवर सांगतात.

"जया, आज एक खेप मला दे ना गं."

"नीट नेशील?"

"बघच तू!"

त्या सकाळी उताराला महादूने असा पाय दाबला की टायर म्हणे रस्त्याला नावापुरतेच टेकत होते. कॅमेरा चमकला. महादू फोटोसाठी हसलासुद्धा.

टेम्पो जयाच्या नावावर, म्हणून चलान तिच्या मोबाइलवर गेलं, तेही टेम्पो मालाडला पोचायच्या आधी. फोटो झकास. वेग एक्याऐंशी. टेम्पोच्या वर हवेत तीन टोपल्या, बर्फाचा पाऊस आणि कॅमेऱ्याकडे टक लावून बघणारं एक पापलेट.

"हे माझंच," महादू उतरताच, आधीच बाजारात येऊन बसलेली जया म्हणाली. "मी हाताने निवडलेलं. टोपल्या बांधल्या नव्हत्यास?"

"पण वेग बघ ना! काशीरामपेक्षा तीन जास्त!"

"वेग कोणाला हवाय, मेल्या? तो टोपल्या बांधतो, वर ओलं गोणपाट टाकतो. आणि त्या चलानासाठी मी त्याला चार शिव्या घातल्यात. तेव्हापासून पन्नासच्या वर जात नाय तो."

महादूचा अभिमान जागीच विझला आणि दुसरीच आग लागली. माझी बायको त्याला शिव्या घालते? आणि तो ऐकतो?

"उद्यापासून मी बांधतो. चाळीसने जातो. पस्तीसने!"

"आधी गाठ मारून दाखव."

त्याने मारली. जयाने एका बोटाने ओढली, सुटली.

"जा, काशीरामकडून शिकून ये."

संध्याकाळी महादू दोरी घेऊन, दात खात, काशीरामच्या दारात उभा राहिला. काशीरामने हसून स्टूल पुढे सरकवलं.

"बस रे. सोपी आहे. मला तरी कुठे येत होती? जयावहिनीनेच हात धरून शिकवली."